नवी वेकबोर्ड बोट पाण्यात बंद पडते, दोष नेमका कुठे?

तुमची तक्रार मला समजली ती अशी. तुम्ही इंदूरचे, पुतण्याबरोबर हनुवंतियाच्या बाजूला इंदिरा सागर धरणाच्या काठावर पर्यटकांसाठी नवी अमेरिकन वेकबोर्ड बोट (फळीवर उभ्या माणसाला दोरीने ओढणारी) आणली. बोट जेमतेम बेचाळीस तास चालली आहे आणि एवढ्यात पाच वेळा भर पाण्यात बंद पडली. दुपारी जेवायला थांबलात की परत सुरू होत नाही, पाऊण तासाने काही न करता होते. गाणी मोठ्याने लावून बॅलास्टचे, म्हणजे लाट मोठी उठावी म्हणून बोटीतल्या टाक्यांत वजनाचं पाणी भरणारे, पंप चालू केले की स्क्रीन काळी होऊन परत येते आणि अलार्म वाजतो. डावीकडची मागची टाकी अर्धीच भरते. शिवाय गेल्या पंधरवड्यापासून ताशी ३५ किलोमीटरला तळातून घरघर येते. विक्रेत्याचा माणूस दोनदा येऊन पेट्रोल पंप आणि एक सेन्सर बदलून गेला, फरक काही नाही. आता विचारता, बोटच खराब निघाली का आणि परत करावी का.

परत करायच्या भानगडीत आत्ताच पडू नका. तुम्ही सांगितलेल्या पाच गोष्टी एकाच आजाराची लक्षणं नाहीत. माझ्या हिशेबाने हे चार वेगळे दोष आहेत. त्यातला एकही इंजिनाच्या पोटातला वाटत नाही आणि शेवटचा, राग मानू नका, बहुधा तुमच्याच हातून झालेला आहे. नव्या बोटीत हेच होतं: चार किरकोळ दोष एकाच महिन्यात डोकं वर काढतात, मालकाला वाटतं बोट शापित आहे, आणि मिस्त्री एकच मोठा दोष शोधत पार्ट बदलत बसतो.

या बोटींची इंजिनं म्हणजे आकाशातून पडलेली वस्तू नव्हे. अमेरिकन ट्रक आणि एसयूव्हीत जे मोठे व्ही-८ ब्लॉक बसतात, तेच घेऊन त्यांना पाण्याने थंड होणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, समुद्री स्टार्टर आणि वेगळं वायरिंग लावतात. मास्टरक्राफ्ट इल्मोरकडून इंजिन घेते, नॉटिक पीसीएमकडून. मालिबू जीएमचे ब्लॉक घेऊन स्वतःच बांधते आणि त्या इंजिनांना नाव देते ‘मॉन्सून’. आपल्याकडे पावसाळ्यात ज्या गोष्टीला टरपोलीन घालून ठेवतात तिचं नाव मॉन्सून, गंमतच आहे. सांगायचं ते हे की असा ब्लॉक बेचाळीस तासांत बिघडणं फार विरळा. बिघडतं ते त्याच्या भोवतीचं: वायरी, होज, क्लॅम्प, कनेक्टर. तुमची बोट कारखान्यातून कंटेनरमध्ये, कंटेनरमधून जहाजावर, तिथून बंदरात आणि शेवटी ट्रेलरवर सिमरोल-चोरलच्या घाटातून खाली उतरून बडवाह-सनावदच्या रस्त्याने काठावर आली. एवढ्या हादऱ्यांत एखादा नट सैल होणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून नवी बोट ताब्यात घेतल्यावर पहिलं काम पाण्यात घालणं नसून प्रत्येक टर्मिनलला पाना लावणं हे असतं. हे काम विक्रेत्याने करायचं असतं. तुमच्याकडे त्याची सही केलेली यादी आहे का, हे आधी बघा.

आता स्क्रीन आणि अलार्म. सगळी गोम इथे आहे असं मला वाटतं, म्हणून इथे जरा थांबतो.

साधा डिजिटल मीटर घ्या, इंदूरच्या सियागंजात मिळणारा पाचशे-सातशेचाही चालेल. बोट रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी काही चालू न करता दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज बघा. भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते. १२.२ दिसलं तर ती निम्मी रिकामी आहे, १२.० म्हणजे पाव भागही जेमतेम. मग एकाने किल्ली फिरवायची आणि दुसऱ्याने सेल मारताना, म्हणजे स्टार्टर फिरत असताना, बॅटरीच्या दांड्यांवर मीटर धरायचा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी दुबळी आहे. वर राहिलं पण स्टार्टर मंद फिरला, तर मीटरची एक टोकणी बॅटरीच्या धन दांड्यावर आणि दुसरी स्टार्टरच्या धन बोल्टवर ठेवून पुन्हा सेल मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर तेवढं व्होल्टेज वाटेतल्या केबलमध्ये किंवा लगमध्ये, म्हणजे केबलच्या टोकाच्या कडीत, खाल्लं जातंय. हीच परीक्षा ऋण बाजूलाही, बॅटरीच्या ऋण दांड्यापासून इंजिनाच्या लोखंडापर्यंत. बहुतेक मिस्त्री धन बाजू बघतात आणि अर्थिंग सोडून देतात. मला सापडलेले निम्मे दोष अर्थिंगचेच होते. शेवटी इंजिन १५०० फेऱ्यांना चालवून बघा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असलं पाहिजे.

व्होल्टेज कमी पडलं की इंजिन बंद पडायच्या आधी कॉम्प्युटर गोंधळतो. सेन्सरना तो स्वतः पाच व्होल्ट पुरवतो. त्याचाच पुरवठा डळमळला की तापमान, ऑइलचा दाब, थ्रॉटल यांपैकी कुणीही खोटं बोलायला लागतं. मग स्क्रीनवर ऑइलच्या दाबाचा अलार्म येतो, मिस्त्री सेन्सर बदलतो, पुढच्या आठवड्यात तापमानाचा येतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. तुमच्या बोटीवर अँप्लिफायर आहे, बॅलास्टचे तीन पंप आहेत. रबरी इम्पेलरवाला, म्हणजे आत रबरी पात्यांचं चाक असलेला, एक पंपच १५ ते २० अँपिअर ओढतो. तिन्ही एकदम लावले आणि वर गाणी, तर संथ चालणाऱ्या इंजिनाचा अल्टरनेटर एवढा भार पेलत नाही, उरलेलं बॅटरीतून जातं. त्यात बॅटरीचा गोल स्विच तुम्ही ‘दोन्ही’वर ठेवत असाल, तर गाण्यांनी रिकामी केलेली बॅटरी स्टार्टरच्या बॅटरीलाही सोबत घेऊन बुडते. स्विच कुठल्या खुणेवर ठेवायचा हे तुमच्या हेल्परला माहीत आहे का? काठावरचा माणूस ‘दोन्ही म्हणजे जास्त ताकद’ असं समजतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

अलार्म आला की पुसू नका, फोटो काढा. या इंजिनांवर बहुधा दोन आकडे येतात, एसपीएन आणि एफएमआय. पहिला सांगतो तक्रार कशाबद्दल, दुसरा सांगतो तक्रार काय. एसपीएन १६८ म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज, १०० म्हणजे ऑइलचा दाब, ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान. एफएमआय ३ आणि ४ या सेन्सरच्या वायरीत व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त किंवा कमी असल्याच्या तक्रारी. ‘१०० आणि ४’ असं आलं तर ऑइल कमी आहे असा अर्थ होत नाही, वायर तपासायची. ‘१०० आणि १’ आलं तर मात्र दाब खरोखर पडलाय, इंजिन तिथल्या तिथे बंद करा आणि दोरीने ओढून आणा. हा फरक न कळल्यामुळे लोक एकतर उगाच घाबरतात, नाहीतर खऱ्या अलार्मलाही ‘असंच वाजतं’ म्हणून सोडून देतात.

स्क्रीन काळी होण्याला आणखी एक कारण असतं. सगळ्या यंत्रणा दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकींशी बोलतात आणि त्या वायरींच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात. मुख्य स्विच बंद करून त्या दोन वायरींमध्ये मीटर लावला तर ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक सुटलंय किंवा वायर मध्ये तुटली आहे, ४० आले तर कुणीतरी जास्तीचा रेझिस्टर लावलाय. दोन मिनिटांचं काम, आणि स्क्रीन बदलायचा लाखाच्या घरातला खर्च वाचतो.

पाण्यात मध्येच बंद पडण्याबद्दल तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत, आणि ती महत्त्वाची आहे: बोट कशी बंद पडली? दिवा घालवल्यासारखी झटक्यात, की खोकत-खोकत, दोन-तीन आचके देऊन? झटक्यात गेली तर वीज. सर्वात आधी चालकाच्या मनगटाला बांधायची लाल दोरी, म्हणजे किल स्विच, बघा. त्याची चकती सैल बसली की लाटेवर उडी मारताना क्षणभर संपर्क तुटतो आणि इंजिन बंद. त्यानंतर, बंद पडून परत सुरूही होत नसेल तर, न्यूट्रलचा स्विच: लिव्हर मधोमध आहे असं दिसतं, पण केबल केसभर ओढलेली असल्यामुळे कॉम्प्युटरला गिअर पडलेला वाटतो आणि तो स्टार्टर फिरू देत नाही. लिव्हर जरा पुढे-मागे हलवून स्टार्टर फिरला तर दोष सापडला.

खोकत गेली तर पेट्रोल. इथे माझ्या एका मूर्खपणाची गोष्ट सांगतो. मी शिकलो मुंबईला भाऊच्या धक्क्यावर, मच्छीमारांच्या डिझेल इंजिनांवर. पेट्रोलच्या बोटींशी गाठ पुढे इकडे आल्यावर पडली. ग्वाल्हेरजवळच्या तिघ्रा धरणावर एक बोट वीस मिनिटं छान चालायची, मग जोर टाकला की मान टाकायची. मी फिल्टर बदलला, पेट्रोल पंप बदलला, इंजेक्टर धुतले. तिसऱ्या दिवशी कंटाळून टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत गेली आणि बोट पळायला लागली. टाकीच्या श्वासनळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. आपल्या काठांवर प्रत्येक भोकावर या माशीचा हक्क. पुढच्या वेळी बोट खोकायला लागली की सगळ्यांच्या विड्या-सिगारेटी विझवून टाकीचं झाकण सैल करून बघा. लगेच सुधारली तर नळी साफ करून तोंडाला बारीक जाळी लावा. नाही सुधारली, तर टाकीतून पेट्रोलची नळी निघते तिथे बसवलेला अँटी-सायफन व्हॉल्व (नळी तुटली तर पेट्रोल आपोआप वाहून जाऊ नये म्हणून असतो तो) अडकलाय का ते बघायला सांगा.

जेवणानंतरचा रुसवा मला अगदी ओळखीचा आहे. हा दोष मुळी बोटीचा नाही, मे महिन्याचा आहे. खंडवा भागात तेव्हा पारा ४३-४४ ला असतो. चालत्या इंजिनाला पाणी थंड ठेवतं. तुम्ही बंद करून पुरी-भाजी खायला गेलात की पाणी थांबतं, पण ब्लॉकमधली उष्णता बंद डब्यात वर येते आणि पेट्रोलच्या नळ्या तापतात. हलक्या घटकांची वाफ होते, पंप पेट्रोलऐवजी वाफ ढकलत राहतो आणि दाब बनत नाही. पाऊण तासाने डबा निवला की सगळं ठीक. नवा पेट्रोल पंप घालून यात फरक पडायचं कारणच नव्हतं. खात्री करायची असेल तर रुसलेल्या वेळी इंधनाच्या रेलवर, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर, प्रेशर गेज लावा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात साधारण ४ बार लागतात. गेज नसेल तर ओलं फडकं पेट्रोल फिल्टरच्या डब्यावर आणि नळीवर पाच मिनिटं ठेवा, विजेच्या जोडण्या सांभाळून. बोट सुरू झाली तर निदान पक्कं.

उपायही साधे आहेत. थांबायच्या आधी तीन-चार मिनिटं संथ चालवा. बंद केल्यावर इंजिनावरचं झाकण उघडं ठेवा आणि हवा ओढणारा ब्लोअर दहा मिनिटं चालू द्या. सुरू करण्याआधीही किमान चार मिनिटं ब्लोअर चालवायचाच असतो. तो नियम मुळात साठलेल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होऊ नये म्हणून आहे आणि त्यात गिऱ्हाईक खोळंबलं म्हणून सूट नसते. मग किल्ली तीन वेळा ‘ऑन’ करून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐका आणि नंतरच सेल मारा. विक्रेत्याला लेखी विचारा की गरम इंजिन सुरू न होण्याबद्दल कारखान्याचं एखादं सर्व्हिस बुलेटिन किंवा सुधारित पार्ट आहे का. या तक्रारी तिकडच्या उष्ण राज्यांतही येतात, म्हणून विचारायला हरकत नाही.

पेट्रोलचाच दुसरा मुद्दा, आणि याची मला तुमच्या घरघरीपेक्षा जास्त काळजी वाटते. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. या बोटींच्या पुस्तकात बहुधा १० टक्क्यांची मर्यादा छापलेली असते; अमेरिकेत तर बोटीच्या इंजिनात १५ टक्क्यांचं घालायलाही मनाई आहे. इथेनॉल हवेतली ओल धरतं, बोटीची टाकी उघड्या श्वासनळीची, आणि तुम्ही जून ते सप्टेंबर बोट उभी ठेवणार. पाणी पुरेसं शिरलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं आणि टाकीचा नळ नेमका तळाशी असतो. टाकीतलं पेट्रोल तपासायचं तर मापाच्या काचेच्या नळीत १०० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. तळाचा थर १० चा २५-३० झाला, तर वाढलेले १५-२० मिली म्हणजे पेट्रोलमधून उतरलेलं इथेनॉल. पावसाळ्यापूर्वी टाकीतलं पेट्रोल वापरून संपवा किंवा काढून गाडीत घाला, आणि पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर दर पन्नास तासांनी बदला. कारखान्याकडून २० टक्क्यांबद्दल लेखी उत्तर घ्या, तोंडी ‘चालतं साहेब’ नको. ऑक्टेनबद्दल मात्र घाबरू नका. अमेरिकन झाकणावर ८७ लिहिलेलं असतं ती वेगळी मोजणी आहे, आपल्या ९१ च्या जवळपास. ९१ लिहिलं असेल तर मात्र आपलं ९५ च्या पुढचं लागेल.

बॅलास्टची टाकी अर्धी भरते त्यावर फार डोकं खपवू नका. डाव्या आणि उजव्या पंपाचे विजेचे कनेक्टर आपसांत बदला. दोष उजवीकडे गेला तर वायर किंवा स्विच, डावीकडेच राहिला तर पंप किंवा नळी. तो एअरेटर जातीचा पंप असेल तर बहुधा हवा अडकली आहे. बोट जरा मागे घेतली की सुटते. रबरी इम्पेलरचा असेल तर तो एखाद मिनिट कोरडा फिरूनही जळतो. आणि स्क्रीनवर विश्वास न ठेवता एकदा डोळ्यांनी टाकी बघा. कधी टाकी भरलेली असते आणि खोटं बोलतो तो सेन्सर.

आता घरघर. इंदिरा सागर साठवणीच्या हिशेबाने देशातला सर्वात मोठा जलाशय, पूर्ण भरला की पाणी २६२.१३ मीटरला. उन्हाळ्यात ते उतरत जातं आणि खाली काय आहे हे हरसूदच्या माणसांना विचारा, ज्यांचं गाव २००४ मध्ये या पाण्यात गेलं. झाडांचे खुंट, भिंती, विहिरींची तोंडं. खोली दाखवणारं यंत्र बोटीच्या खालचं दाखवतं, पुढचं नाही. तुमच्या बोटीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, जानेवारीच्या पाण्यात सुरक्षित होता, मेच्या पाण्यात नाही. बोट ट्रेलरवर घ्या आणि पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवा. एक पातं जरी दुमडलं असेल तरी ठराविक वेगाला घरघर येते. पुतण्याला प्रेमाने विचारा, खरं सांगेल. पंखा दुरुस्त झाल्यावर शाफ्टची जुळणी तपासायला सांगा: बोट एक दिवस पाण्यात तरंगल्यावर, बॅलास्टच्या टाक्या रिकाम्या ठेवून, कपलिंगच्या (इंजिनाची बाजू आणि पंख्याचा दांडा जोडणाऱ्या चकत्यांच्या) दोन तोंडांमध्ये फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी. चारही बाजूंचा फरक ०.०८ मिलिमीटरच्या आत. जमिनीवर केलेली जुळणी पाण्यात बदलते, म्हणून ट्रेलरवर मोजणाऱ्याचे पैसे देऊ नका. तोवर बोट चालवू नका, नाहीतर शाफ्टचा सील जाईल आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळात, पाणी येईल.

पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर तुम्ही विचारला नाहीत, पण दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला. जुन्याचं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा पुढे कुठल्या कूलरमध्ये अडकला ते शोधल्याशिवाय नवा बसवू नका. हनुवंतियाकडच्या शेवाळाने गिअरच्या ऑइल कूलरचं तोंड भरतं, तेही तेव्हाच उघडून बघा.

कायद्याचं थोडक्यात. बोट धंद्यासाठी घेतली असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही ग्राहक ठरताच असं नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवत असाल तर गोष्ट वेगळी. वॉरंटीच्या कागदातही भाड्याने चालवलेल्या बोटीला बहुधा मुदत कमी असते किंवा मुळीच नसते, तो परिच्छेद आजच वाचा. नोंदीची एक वही ठेवा: तारीख, इंजिनाचे तास, टाकीत किती पेट्रोल, ऊन किती, काय चालू होतं, बोट झटक्यात गेली की खोकत, अलार्मचे आकडे. पहिल्या ऑइल बदलाचं बिलही त्यात चिकटवा. तो पुस्तकात २० ते ५० तासांच्या दरम्यान कुठेतरी सांगितलेला असतो आणि तुमचे बेचाळीस झालेत. वकिलाकडे जायची वेळ आलीच, तर हीच वही घेऊन जायची.

शनिवारी काठावर जाल तेव्हा एवढंच करा: सेल मारताना बॅटरीवर किती व्होल्ट दिसले तो आकडा मला कळवा. ९.६ च्या खाली असेल तर बाकीचं सगळं राहू द्या, आधी लग काढून घासा, नीट आवळा, बॅटरी भरा आणि पंखा-शाफ्टचं काम झालं की दोन दिवस गाणी न लावता बोट चालवून बघा.